सोडणं आणि सोडून देणं

निपाणीजवळ माझ्या माहेरच्या गावी तंबाखूची एक जुनी वखार होती. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती पाडायचं ठरलं, आणि भाच्याचा मला बेळगावला फोन आला. "आत्या, वखार पाडायची हाय. आत आज्जांची गाडी अडकलीय. चौघांनी ढकलली तरी जाग्यावरनं हलंना. पप्पा म्हणत्यात, हँडब्रेक आत्यानंच ओढलेला हाय."

शेवटच्या वाक्याला मला उत्तर सुचेना, कारण ते खरं होतं.

गाडी म्हणजे अण्णांची अँबॅसिडर, मार्क थ्री, १९७६ सालची. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत अँबॅसिडर तयार होत होत्या, त्यांतलीच ही एक. स्टिअरिंगच्या खालीच गिअरची दांडी, पुढं एकसंध लांब सीट, आणि दार लावलं की कपाट लावल्यासारखा आवाज. लग्नाआधी अण्णांनी मला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. गावात तेव्हा बाई गाडी चालवते म्हटलं की पोरं मागून पळत यायची. पहिले चार दिवस अण्णांनी मला गाडी चालवूच दिली नाही, फक्त थांबवायला शिकवलं. ते थोडी गाडी सोडायचे आणि म्हणायचे, "हं, आता धर." मी ब्रेक दाबायची. "ज्याला थांबता येतंय त्यानंच चालवावी," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

२०१२ च्या श्रावणात अण्णा गेले. महिनाभरानं मी माहेरी गेले असताना वकिलाच्या कारकुनानं एक कागद आणून माझ्यापुढं ठेवला. हक्कसोडपत्र. घर, वखार आणि सहा एकर रान. माझं नाव टाइप केलेलं होतं आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली होती. दादा बाहेर सोप्यात बसला होता. आत आला नाही.

मला रान नको होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. दादानं आत येऊन नुसतं विचारलं असतं, "तुझा काय विचार आहे?" तर कदाचित मी त्याच पेन्सिलीच्या फुलीवर सही केली असती. पण विचारलं नाही. मला धरूनच चाललेलं होतं. मी सही केली नाही. पाऊस भुरभुरत होता, गाडी अंगणात भिजत होती. मी किल्ली घेतली, गाडी वखारीत नेऊन लावली, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि निपाणीच्या स्टँडवर येऊन बेळगावची एस.टी. पकडली. त्यानंतर बारा वर्षं त्या घरात मी जेवले नाही.

भांडण असं काही झालं नाही. लग्नाकार्यात भेटत होतो, फोटोत शेजारी उभं राहत होतो. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणत होतो, आधी फोनवरून, मग व्हॉट्सॲपवर, हात जोडलेल्या चित्रासकट. बारा वेळा मी दादाची क्षमा मागितली, बारा वेळा त्यानं माझी. आणि बारा वर्षं कागद कपाटात, गाडी वखारीत आणि मी बेळगावात.

मग ती क्षमा खोटी होती का? हा प्रश्न मला दर वर्षी पडायचा आणि दर वर्षी मी तो बाजूला ठेवायची. त्याचं उत्तर मला बस्तीत मिळालं नाही, स्वाध्यायातही नाही. गाडीखाली उताणा झोपलेल्या एका मिस्त्रीकडून ते मिळालं, आणि आपण मला उत्तर दिलं हे त्याला अजून माहीत नाही.

मी पोचले तेव्हा दादानं ट्रॅक्टर बोलावलेला होता. साखळी लावायची, एक हिसका द्यायचा, ब्रेक आपोआप सुटेल, असा त्याचा हिशेब. मिस्त्री म्हातारा, जुन्या गाड्यांत आयुष्य गेलेलं. त्यानं साखळी हातात घेतली आणि बाजूला ठेवून दिली. "मालक, ओढलं तर गाडी येईल, पण कशी येईल? चाक फिरणारच न्हाई, टायर घासत येईल. न्हाईतर आतला लायनर फाटून निघंल. आणि एकदम सुटली तर थांबवायला तिच्यात ब्रेक कुठं हाय?"

मग तो आत बसला आणि हँडब्रेकची दांडी खाली केली. दांडी अगदी सहज खाली आली. भाचा खूश झाला. सगळ्यांनी ढकलून बघितलं. गाडी हलली नाही.

"दांडी खाली आली म्हणजे ब्रेक सुटला असं न्हाई," मिस्त्री म्हणाला. "दांडी हितं हाय. ब्रेक तिकडं चाकात हाय."

मी तिथंच एका पोत्यावर बसले. माझी बारा वर्षांची क्षमावाणी कुठं अडकली होती ते मला एका वाक्यात कळलं. दांडी दर वर्षी खाली येत होती, ती खोटी नव्हती. मी मनापासून मेसेज पाठवत होते आणि दादाही मनापासूनच पाठवत असेल. पण दांडी आणि चाक यांच्या मधली केबल गंजली होती, आणि चाकात काय झालंय ते बघायला आमच्यापैकी कुणीच खाली वाकलं नव्हतं.

चाकात काय होतं ते मिस्त्रीनं भाच्याला समजावलं, मी ऐकत होते. अशा गाडीत चारही चाकांत ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या, त्यांना शू म्हणतात, आणि शूवर बसवलेला लायनर. ब्रेक लावला की शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून दाबून धरतो. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, केबलनं. आता गाडी भिजलेली उभी केली, हँडब्रेक ओढून ठेवला, की लायनर ओल धरून ठेवतो आणि जिथं तो ड्रमला टेकलेला असतो तिथंच बिडाला गंज चढतो. गंज फुगतो, लायनरच्या बारीक बारीक छिद्रांत शिरतो. मग दोन्ही एकजीव होतात. बाहेरून दांडी सोडली तरी आत धरणारा आता ब्रेक नसतो, गंज असतो.

"गाडी बरेच दिस ठेवायची असली तर हँडब्रेक ओढायचाच न्हाई, ताई. गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला ठोकळं लावायचं. कुणी ओढलेला हो हा?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी."

त्यानंतर मी रात्रभर विचार केला की त्या दिवशी मी हँडब्रेक कशासाठी ओढला. रागानं की काळजीनं? वखारीची जमीन थोडी उताराची होती, गाडी सरकू नये म्हणून ब्रेक लावणं बरोबरच होतं. आणि सही न करणं? तेही मला आज बरोबरच वाटतं. माणूस घरंगळत जात असेल तर त्यानं धरून राहायला हवं. ज्या बाईला 'नाही' म्हणता येत नाही तिच्या 'हो'ला किंमत नसते. म्हणजे त्या दिवशी लावलेला ब्रेक चुकीचा नव्हता. तो तसाच बारा वर्षं ठेवला, हे चुकलं. मधे एकदाही कुणी जाऊन तो सोडून, गाडी हातभर पुढं-मागं करून, गरज असेल तर पुन्हा लावला असता तर चाक कधीच धरलं नसतं.

आमच्याकडं गोम्मटसारात रागाच्या चार प्रती सांगितल्या आहेत. एक पाण्यावरच्या रेघेसारखा, एक धुळीतल्या रेघेसारखा, एक जमिनीच्या भेगेसारखा आणि एक दगडाला पडलेल्या भेगेसारखा. त्यांचा संस्कार किती काळ टिकतो तेही दिलेलं आहे. पहिल्याचा काही क्षण, दुसऱ्याचा पंधरवडा, तिसऱ्याचा सहा महिने. सहा महिन्यांच्या पुढं गेला की तो दगडातला, जन्मोजन्मी मागं लागणारा. मी हे पाठ केलं होतं, मंडळातल्या बायकांना समजावूनही सांगितलं होतं. पण सहा महिनेच का, हे मला कधी पटलं नव्हतं. राग किती मोठा यावर सगळं असायला हवं, किती दिवस यावर कसं? आता वाटतं, शास्त्रकारांनी रागाचं वजन न बघता त्याचं वय बघितलं ते अनुभवातूनच. माझा राग तसा मोठा नव्हता. एका पेन्सिलीच्या फुलीएवढाच होता. तो नुसता उभा राहिला आणि त्याला गंज चढला.

मिस्त्रीनं त्या दिवशी काम सुरू केलं ते बघून भाच्याला हसू आलं. ब्रेक सोडवायला आलेल्या माणसानं सगळ्यात आधी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावले. "अगोदर हलत न्हाई म्हणून रडायलोय, आणि तुम्ही अजून अडवायलाय व्हय?" भाचा म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "ती सुटल्यावर कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. सोडायच्या आधी दुसरीकडं धरायला लागतंय."

हे वाक्य मी मनात घोळवत राहिले. आपल्याकडं बाईला क्षमा शिकवतात ती नेमकी उलटी. आधी सोड, बाकीचं मागनं बघू. 'जाऊ दे गं, भाऊच आहे.' 'माहेर तुटायला नको.' 'सोडून दे.' हे सांगणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि त्या प्रेमानंच सांगतात. मीसुद्धा दुसऱ्यांना सांगितलंय. पण 'सोडून दे' या दोन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी एका गाठीत बांधतो. राग सोडणं ही एक गोष्ट, आणि हक्क सोडणं ही दुसरी. पहिली माझ्या आत्म्याच्या हिताची. दुसरी कुणाच्या हिताची, ते प्रत्येक घरात निवांत बसून बघायला हवं. बहीण रागावून बसली तर तिला क्षमेचा उपदेश होतो आणि ती शांत झाली की तिच्यापुढं कागद येतो. मग ती विचार करते, राग धरून ठेवला तरच माझं 'नाही' टिकेल. राग सोडला तर सगळंच सुटेल. मी बारा वर्षं हेच करत होते. माझ्या हक्काला ठोकळा लावायला माझ्याजवळ दुसरं काही नाही असं मला वाटत होतं, म्हणून मी रागाचाच ठोकळा केला होता.

खरं म्हणजे ठोकळा होता. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. १९५६ पासून वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीतसुद्धा, मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सही केली नाही तर तो कुठं जात नाही. त्यासाठी रुसून बसायची गरज नव्हती, जेवायला नाही म्हणायची गरज नव्हती. कायद्यानं धरलेलं होतं, मी उगाच दातओठ खाऊन धरत होते.

गाडीची मागची बाजू जॅकवर घेऊन खाली भक्कम लाकडं दिली. मिस्त्री खाली गेला. केबल तिच्या आवरणात गंजून बसली होती. तो तिला तेल पाजत, मागं-पुढं ओढत सुटी करत राहिला. मग ब्रेकचा ॲडजस्टर ढिला करू लागला, म्हणजे आतले शू जेवढे जवळ येतील तेवढे यावेत. गंज सुटायचं पातळ तेल त्यानं ॲडजस्टरला, ड्रमच्या स्क्रूंना आणि ड्रम जिथं मधे हबवर बसतो तिथं लावलं. थेंब थेंब, कापसानं पुसत. भाच्याला घाई. त्यानं डबा घेतला आणि ड्रमच्या फटीतून आत ओतायला निघाला. मिस्त्री ओरडला, "आत नको! लायनरला तेल लागलं की तो ब्रेकच ऱ्हात न्हाई. सुटंल लगेच, पण परत कधी धरणार न्हाई."

तेल लावलं आणि मिस्त्री हात पुसून उठला. "आता उद्या." एवढंच? "तेलाला आत जायला वेळ लागतोय. आपण रात्री झोपायचं, ते काम करतंय."

त्या रात्री बारा वर्षांनी मी माहेरी जेवले. वहिनींनी दिवस मावळायच्या आत ताटं केली होती, आईच्या वेळेसारखी. जेवताना कुणी काही विशेष बोललं नाही. दादानं मला भाकरी हवी का विचारलं, मी अर्धी द्या म्हटलं. भावाला मी अहो-जाहो करत नाही, पण त्या दिवशी तोंडातून 'द्या' आलं. तोही चमकला. बारा वर्षांत हेही गंजलं होतं.

नात्यात तेल ओतणारे पुष्कळ असतात. 'झालं ते झालं, आता विषयच नको' हे तसलंच तेल. काम लगेच होतं. सगळे हसतात, पेढे वाटतात. पण तो विषय परत कधी काढता येत नाही, कारण धरायची जागाच बुळबुळीत झालेली असते. पुन्हा कुणी पेन्सिलीची फुली मारून कागद पुढं केला तर 'थांब' म्हणायची ताकद उरत नाही. मी अशी माहेरं बघितलीत, जिथं सगळं गोड आहे आणि मुलगी पाहुणी आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं चाकं काढली. ड्रमवर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर हातोडीनं ठोकायला लागला. एका जागी जोरानं नाही, गोल फिरत, सगळीकडून सारखं. बीड ठिसूळ असतं, कडेला फटका बसला तर तडा जातो. पाच-सात ठोके, मग ड्रम हातानं थोडा पुढं, थोडा मागं. पुन्हा ठोके. तासाभरानं उजव्या बाजूला 'कट्' असा बारीक आवाज आला आणि ड्रम बोटभर फिरला. मग हातभर. मग पूर्ण.

डावा सुटेना. भाचा म्हणाला, गॅसची ज्योत लावूया. मिस्त्रीनं पेट्रोलच्या टाकीकडं बोट दाखवलं. मग त्यानं वहिनींना उकळतं पाणी आणायला सांगितलं. वहिनी आणि मी पातेली भरभरून आणत होतो, तो ड्रमवर गोल ओतत होता. बीड तापून किंचित फुगतं, आतली पकड थोडी ढिली होते. वहिनी पातेलं देताना मला हळूच म्हणाल्या, "वन्सं, तो कागद त्यांनी कारकुनाकडनं पाठवला, तेव्हा मी म्हटलं होतं, तुम्ही स्वतः विचारा. ते म्हणाले, तिच्या तोंडाकडं बघून मला विचारायला होणार न्हाई."

बारा वर्षं मी समजत होते की दादाला विचारायची गरज वाटली नाही. त्याला धीर झाला नव्हता. यामुळं कागद न्याय्य होत नाही. पण लाज वाटलेला माणूस आणि गृहीत धरणारा माणूस हे दोन वेगळे, आणि मी बारा वर्षं चुकीच्या माणसावर रागावले होते.

चौथ्या पातेल्याला डावा ड्रम सुटला. बाहेर काढला तेव्हा दिसलं, एका शूचा लायनर शूवरून निघून ड्रमलाच चिकटून आला होता. मी विचारलं, आपलं काही चुकलं का? "न्हाई. काही ठिकाणी जे चिकटतंय ते काहीतरी घेऊनच सुटतंय." आतली धूळ भाचा फुंकर मारून उडवणार होता, मिस्त्रीनं त्याला अडवलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते छातीत जायला नको. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं. शू नव्या लायनरसाठी बेळगावला उद्यमबागेत पाठवले.

मला वाटलं, संपलं. गाडी आता हलत होती, ढकलून वखारीबाहेर काढता आली असती. दादालाही तेवढंच हवं होतं. पण मिस्त्री चार दिवसांनी शू घेऊन परत आला आणि म्हणाला, "सुटलेला ब्रेक म्हणजे झालेलं काम न्हाई. लागतोय का ते बघायला पायजे." चाकातले सिलिंडर उघडले तर आतले पिस्टन जागीच बसलेले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, बारा वर्षांत आतूनही गंज. सिलिंडर घासून स्वच्छ केले, रबरं नवी घातली. रबरांना पेट्रोल, रॉकेल चालत नाही, ती फुगतात. त्यानं ब्रेक ऑइलनंच पुसली.

मग नळ्यांतली हवा काढायची. याला दोन माणसं तरी लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट ढिला करायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल दाबलं तरी तो बुडबुडाच दबतो, जोर चाकापर्यंत जात नाही. मिस्त्री म्हणाला, गाडी येणारं कोण बसतंय? दादानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी अण्णांच्या जागेवर बसले. दादा खाली बाटली धरून उकिडवा बसला.

"दाबा," मिस्त्री म्हणायचा. मी दाबायची. "धरा." मी धरून ठेवायची. नळीतून फसफसत तेल यायचं. तो नट आवळायचा. "आता सोडा." आवळायच्या आधी सोडलं तर हवा परत आत. चार चाकं, तासभर, दाबा, धरा, सोडा. हळूहळू पायाखालचं पेडल घट्ट होत गेलं. तेव्हा मला अण्णांचे ते पहिले चार दिवस आठवले. ब्रेक म्हणजे धरणं नव्हे आणि सोडणंही नव्हे. जेव्हा धरायचं तेव्हा धरता येणं आणि जेव्हा सोडायचं तेव्हा सोडता येणं, हा ब्रेक. नुसता धरणारा आणि नुसता सुटलेला, दोन्ही बिघडलेलेच. क्षमेचंही असंच असावं. जिच्यात पुन्हा 'थांब' म्हणायची ताकद नाही ती क्षमा नाही, ती नुसती उताराला लागलेली गाडी आहे.

कुणी म्हणेल, लोखंडाची उपमा माणसाला लावू नये. ते मलाही पटतं, आणि कुठं लागू पडत नाही तेही सांगायला हवं. गंज कुणाच्या बाजूचा नसतो. घरात मात्र एकाच्या अबोल्याचा दुसऱ्याला फायदा होत असतो. मी बारा वर्षं रुसून बसले, त्या बारा वर्षांत रान दादानंच कसलं. आणि सगळीच नाती ठोकून, तापवून सोडवण्यासारखी नसतात. काही घरांत बाईनं ठोकळे लावून दूर राहणंच शहाणपणाचं असतं, तिला हे उकळत्या पाण्याचं सांगू नये. मी सांगते आहे ते ज्यांच्या माहेरात नुसता गंज आहे त्यांच्यासाठी.

संध्याकाळी गाडी वखारीबाहेर आली, ट्रॅक्टरच्या मागं हळू, स्टिअरिंगवर मी. इंजिन अजून चालू झालेलं नाही, ते वेगळं काम आहे. अंगणात आल्यावर मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. एवढ्याशा गोष्टीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दादा काचेपाशी आला. मी म्हटलं, "दादा, माझा राग गेला. पण त्या कागदावर मी सही करणार नाही. आपण बसू, बोलू, मग काय लिहायचं ते ठरवू." हे एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली, आणि बोलताना आवाज चढला नाही याचं मलाच नवल वाटलं. दादा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "तुझा काय विचार आहे?"

तो विचार अजून आम्ही करतोय. वकिलाकडं एकदा जाऊन आलो, दोघं एकाच रिक्षातून. कधी पटतं, कधी नाही. न पटलं तर मी तसं सांगते आणि मग जेवायला बसते. पेन्सिलीच्या फुलीचा तो कागद दादानं फाडला नाही, मीही फाड म्हटलं नाही. तो कपाटात आहे, त्यावर कुणाची सही नाही.

गाडी आता अंगणात पत्र्याखाली असते. ती गिअरमध्ये उभी आहे आणि चारही चाकांना ठोकळे आहेत. महिन्यातून एकदा भाचा ठोकळे काढतो आणि गाडी हातभर पुढं, हातभर मागं करतो. हँडब्रेक लावून बघतो आणि सोडून ठेवतो. मग मला फोन करतो, "आत्या, फिरतंय बघ."